उन्हाळी टरबूज, भेंडी, भुईमूग, टोमॅटो : लागवडीची तारीख ठरवण्याआधी जमीन किती गार आहे ते पाहा





गेल्या पंधरा दिवसांत ऑफिसच्या फोनवर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच आहे. "सर, यंदा रमजान लवकर आहे, टरबूज कधी लावू?" प्रत्येकाला फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांना एकदाच नीट लिहून पाठवतोय. मेसेज लांब आहे. रात्री जेवण झाल्यावर निवांत वाचा, पण नर्सरीत रोपांचा ॲडव्हान्स देण्याआधी वाचा.

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. क्रॉप कव्हर, उंचवट्यावरची जमीन आणि पहाटे पाणी देण्याची सोय, या तिन्ही गोष्टी तुमच्याकडे असतील तर डिसेंबरची लागवड करा, तीही सगळ्या क्षेत्रावर नको. तिन्हीतली एक जरी कमी असेल तर २० जानेवारीपर्यंत थांबा. भाव थोडा कमी मिळेल, पण माल हातात येईल.

*रमजान थंडीत सरकलाय, हे आधी लक्षात घ्या*

रमजान दरवर्षी १०-११ दिवसांनी अलीकडे येतो. २०१९ साली तो मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला होता. तेव्हा फेब्रुवारीत लागवड केली तरी माल बरोबर बाजारात जायचा आणि थंडीचा प्रश्नच नव्हता. २०२३ ला तो २४ मार्चला आला, २०२५ ला २ मार्चला. आता २०२६ मध्ये १९ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतोय आणि ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. पुढच्या वर्षी तर फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच लागेल.

म्हणजे पूर्वी ज्या तारखा आपल्या अंगवळणी पडल्या होत्या त्या आता चालत नाहीत. फेब्रुवारी अखेर माल पाहिजे असेल तर थंडीतले ८०-८५ दिवस मागे मोजा, डिसेंबरचा पहिला आठवडा येतो. ईदच्या आसपास पाहिजे असेल तर २० ते २५ डिसेंबर. आणि आपल्या निफाड, सिन्नर, येवला, कोपरगाव पट्ट्यात वर्षातली सगळ्यात गार जमीन कधी असते? डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी अखेरपर्यंत. बाजाराची तारीख आणि पिकाची तारीख एकमेकांच्या उलट्या दिशेला गेल्यात. यंदाचा सगळा घोळ इथे आहे.

*आपला भाग उष्ण आहे, मग थंडीची एवढी काळजी कशाला?*

हा प्रश्न बरोबर आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही. थंड देशात शेतकऱ्याला शेवटचं हिम साधारण कुठल्या तारखेला पडतं ते माहीत असतं, ती तारीख उलटली की तो लावून मोकळा होतो. आपल्याकडे तशी तारीखच नाही. थंडी येते ती तुकड्या-तुकड्यानं. उत्तरेत पाऊस-बर्फ होऊन आभाळ मोकळं झालं की तिकडचं गार वारं खाली येतं, तीन ते पाच दिवस कडाका, मग पुन्हा ऊब. आठ दिवस ऊब राहिली की आपल्याला वाटतं, गेली थंडी. आणि आपण रोपं लावतो.

२०१८ च्या डिसेंबर अखेरीस कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्या आसपास आला होता, पानांवरचं दव गोठलं होतं. तो डिसेंबर होता, ठीक आहे. पण त्याच हंगामात ९ फेब्रुवारी २०१९ च्या सुमारास नाशिकचा पारा पुन्हा ४ अंशांपर्यंत उतरला. संक्रांत होऊन जवळपास चार आठवडे झाले होते. संक्रांतीनंतर दिवस तिळातिळानं वाढतो हे खरंच आहे, पण दिवस वाढला म्हणून जमीन लगेच तापत नाही. जमीन मागून तापते.

आणखी एक. पेपरात आलेला किंवा मोबाईलवर दिसणारा किमान तापमानाचा आकडा जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेला असतो. आपलं रोप असतं वीतभर. आभाळ निरभ्र, वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल तर जमिनीलगतचं पान त्या आकड्यापेक्षा २ ते ४ अंशांनी जास्त गार होतं. म्हणजे मोबाईलवर ५ अंश दिसले तर तुमच्या पानावर १ ते ३ असू शकतात. तिथून दव गोठायला फार अंतर नाही.

गव्हाला, हरभऱ्याला, कांद्याला ही थंडी मानवते. टरबूज मूळचं आफ्रिकेतल्या उष्ण भागातलं पीक. भेंडीही गरम हवेतलीच. भुईमूग आणि टोमॅटो दक्षिण अमेरिकेतून आले. यातल्या एकालाही गोठणारं दव सोसत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्याकडे दव गोठून मरणारी रोपं कमीच असतात. जास्त नुकसान होतं ते ८-१० अंशांच्या गारठ्यात, जिथे रोप मरत नाही, नुसतं बसून राहतं. मेलेलं रोप दिसतं, बसलेलं दिसत नाही. म्हणून तो तोटा आपण हिशेबात धरत नाही.

*बसलेल्या रोपाचा हिशेब*

टरबुजाच्या वेलीची वाढ १५ अंशांच्या खाली जवळजवळ बंद असते, असं हिशेबापुरतं धरू. आता डिसेंबर अखेरचा एक दिवस घ्या. दुपारी २८, पहाटे ८. सरासरी १८. त्यातून १५ वजा केले, उरले ३. त्या दिवशी वेलीच्या खात्यात ३ रुपये जमा झाले असं समजा. फेब्रुवारीतला एक दिवस घ्या. दुपारी ३१, पहाटे १३, सरासरी २२, उरले ७. मार्चमध्ये दुपारी ३५ आणि पहाटे १७ धरले तर रोजचे ११.

म्हणजे १५ डिसेंबर ते १५ जानेवारी या महिन्यात वेलीनं जे कमावलं, साधारण ९०-९५ रुपये, ते फेब्रुवारीत १३-१४ दिवसांत मिळतं. हा ढोबळ हिशेब आहे. क्रॉप कव्हरखाली दिवसा हवा जास्त तापते, त्यामुळे कव्हर असेल तर डिसेंबरचा आकडा बराच सुधारतो. पण उघड्यावर डिसेंबरात लावलेला आणि जानेवारी अखेर लावलेला प्लॉट यांच्या लागवडीत ४० दिवसांचं अंतर असलं तरी तोडणीत तेवढं अंतर राहत नाही, ते बरंच कमी होतं. मधल्या दिवसांचं पाणी, फवारणी, मजुरी मात्र पूर्ण लागते. "आधी लावलं म्हणजे आधी आलं" हे टरबुजाच्या बाबतीत अर्धंच खरं आहे.

*जमिनीचं तापमान कसं मोजायचं*

बी आणि मुळी, दोघांनाही हवेपेक्षा जमिनीशी जास्त काम असतं. टरबुजाचं बी जमीन १६ अंशांच्या खाली असेल तर उगवत नाही, कुजतं. १६ ते २० मध्ये उगवतं पण रखडत, एक आज तर दुसरं आठ दिवसांनी. २१ च्या पुढे गेलं की उगवण एकसारखी होते. भेंडीचं गणित जवळपास हेच आहे. भुईमुगाला पेरणीच्या वेळी किमान १८ लागतात.

मोजायला मोठं यंत्र नको. शेतीच्या दुकानात माती-थर्मामीटर मिळतो. तो नसेल तर प्रयोगशाळेतला काचेचा थर्मामीटरही चालतो, फक्त काडीनं आधी भोक पाडून मग आत सरकवा, दाबून घातला तर फुटेल. बेडवर, ठिबकच्या नळीपासून थोडं बाजूला, ५ सेंमी खोल (दोन पेरं) घालायचा आणि तीन-चार मिनिटं ठेवायचा. वेळ महत्त्वाची. सकाळी ७ ते ८ च्या दरम्यान, कारण तेव्हा जमीन सगळ्यात गार असते. दुपारी मोजून २६ आले म्हणून खूश होऊ नका. सलग चार सकाळी आकडा १८ च्या वर असेल तर रोप लावायला हरकत नाही. बी टोकायचं असेल तर २० ची वाट पाहा.

ज्यांच्याकडे दोन प्लॉट आहेत त्यांनी दोन्हीकडे मोजा. काळी भारी जमीन ओलावा धरते, ती सकाळी उशिरा तापते पण रात्री ऊबही जास्त वेळ धरते. मुरमाड हलकी जमीन दिवसा पटकन तापते आणि रात्री तेवढीच पटकन गार होते. कोरडी पडलेली हलकी जमीन गारठ्यात सगळ्यात वाईट. म्हणूनच थंडीच्या रात्री बेड वाफशावर ठेवा असं आम्ही सारखं सांगतो. ओली माती दिवसाची ऊब साठवते, कोरडी माती साठवत नाही.

चंदेरी-काळ्या मल्चिंगबद्दल गैरसमज आहे, तोही इथेच सांगतो. ते तण, ओलावा आणि पांढऱ्या माशीसाठी चांगलं आहे. पण चंदेरी बाजू ऊन परत फेकते. त्यानं जमीन तापेल असं समजून तारीख आठ दिवस अलीकडे ओढू नका.

*कुठलं शेत, हे तारखेइतकंच महत्त्वाचं*

गार हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी उताराला वाहते आणि खोलगट जागेत साचते. नदीकाठचं, ओढ्यालगतचं, चारी बाजूंनी बांध किंवा दाट कुंपण असलेलं शेत म्हणजे गार हवेचं तळं. त्याच गावात, त्याच रात्री, उंचवट्यावरच्या शेतात दोन-तीन अंश जास्त असतात. तुमच्या शिवारात पहाटे कुठे धुकं आणि दव जास्त साचतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्या शेतात डिसेंबरचं टरबूज नको. तिथे गहू-हरभरा असू द्या, आणि टरबूज लावायचंच तर फेब्रुवारीत.

उसाच्या किंवा मक्याच्या आडोशाला, उत्तरेकडून वारा अडेल अशी जागा असेल तर चांगलीच. पण आडोसा उताराच्या खालच्या अंगाला नको, नाहीतर गार हवा तिथेच अडून बसते.

*क्रॉप कव्हरची खरी अडचण*

कव्हर चांगलं काम करतं यात वाद नाही. आतलं तापमान पहाटे एक-दोन अंशांनी वर राहतं, कधी थोडं जास्त, दिवसा तर बरंच वर राहतं, शिवाय पांढरी माशी, फुलकिडे, नागअळी आत येत नाहीत. पण कव्हर कायमचं ठेवता येत नाही. टरबुजाला मादी फुलं आली की मधमाशी आत गेली पाहिजे. टरबुजाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं, एकच दिवस. त्या काही तासांत माशी बसली नाही तर फळ नाही, किंवा वेडंवाकडं फळ.

आता तारखा मांडा. १० डिसेंबरला रोप लावलं, थंडीत मादी फुलं यायला ३० ते ३५ दिवस धरले, तर कव्हर काढायचा दिवस येतो १० ते १५ जानेवारी. म्हणजे महिनाभर सांभाळलेला वेल आपण नेमका भर थंडीत उघडा करतो. आणि सकाळची हवा १२-१३ अंशांच्या वर गेल्याशिवाय मधमाशी फारशी बाहेर पडत नाही. फूल सकाळी उमलून बसलेलं, माशी दहा-साडेदहाला येणार. सेटिंग कमी होण्याचं हे मोठं कारण आहे. औषधानं ते भरून निघत नाही. "सर, सेटिंगला काय मारू?" असे फोन जानेवारीत येतात, त्यातल्या बऱ्याच फोनांचं उत्तर लागवडीच्या तारखेत असतं.

२५ जानेवारीला लावलं तर कव्हर निघतं १८-२० फेब्रुवारीच्या आसपास. सकाळ उबदार झालेली असते, माशी वेळेवर येते. यात कव्हर फक्त पहिल्या २०-२५ दिवसांची थंडी आणि कीड सांभाळतं. मला विचाराल तर कव्हरचा पैसा इथे जास्त वसूल होतो.

डिसेंबरवाल्यांनी एक करता येतं. मादी फुलं सुरू झाल्यावर कव्हर एकदम न काढता सकाळी साडेआठ-नऊला एका बाजूनं उचलायचं आणि दुपारी चारच्या आत परत टाकायचं. थंडीची लाट असेल तेवढे दिवस. याला रोज दोन माणसं लागतात, एकराला. घरची माणसं असतील तर जमतं, मजुरावर अवलंबून असाल तर आधी विचार करा. आणि शेजारी मधमाशीच्या पेट्या ठेवायचा विचार असेल तर त्या उन्हाकडे, पूर्वेला तोंड करून ठेवा, माशी लवकर बाहेर पडते.

*गारठ्यातल्या दोन खुणा, ज्यावर आपण उगाच पैसे घालवतो*

पहिली खूण : पानं, विशेषतः खालची, जांभळट होतात. दुकानदार म्हणतो स्फुरद कमी पडलं, १२:६१:०० सोडा. जमिनीत स्फुरद असतं, पण गार मुळीला ते उचलता येत नाही. अजून दोन किलो सोडलं तरी तेही पडूनच राहणार. जमीन तापली की चार-सहा दिवसांत नवीन पान हिरवंगार येतं. बेसल डोस दिलेला असेल तर थांबा.

दुसरी खूण जास्त फसवी आहे. सकाळी नऊ-दहाला कडक ऊन पडतं आणि वेल मान टाकतो. आपण समजतो पाणी कमी पडलं आणि ठिबक सोडतो. खरं काय होतं, पान उन्हात तापलेलं असतं, त्याला पाणी पाहिजे असतं, पण खाली मुळी अजून गार आहे, तिला ओढता येत नाही. बोटानं माती उकरून पाहा. ओल असेल तर पाणी देऊ नका. दुपारी वेल आपोआप उभा राहतो. गारठ्यात वरचेवर पाणी दिलं की मुळीला हवा मिळत नाही, खोडाशी बुरशी येते आणि रोपं कोलमडतात. मग नांग्या भरा. नांग्या भरलेल्या प्लॉटचा माल मागे-पुढे येतो आणि व्यापारी एका तोड्यात गाडी भरत नाही, दोन वेळा यायचं म्हटलं की भाव पाडतो.

*दुसऱ्या बाजूची भिंत : ऊन*

कोणी म्हणेल, मग मार्चमध्येच लावू, थंडीची कटकटच नको. तिथे दुसरी भिंत आहे. आपल्या भागात खिडकी दोन्ही बाजूंनी बंद होते, आणि टोमॅटोत ते सगळ्यात स्पष्ट दिसतं.

टोमॅटोचं फूल रात्री १२-१३ अंशांच्या खाली नीट सेट होत नाही, आणि दिवसा ३५ च्या वर, रात्री २१-२२ च्या वर गेलं तरी होत नाही, गळतं. रोप लावल्यापासून २५-३० दिवसांत फूल सुरू होतं आणि पुढचे सहा आठवडे मुख्य सेटिंग चालते. २० डिसेंबरला लावलं तर पहिली फुलं जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ऐन गारठ्यात. पहिले दोन गुच्छ फुकट जातात किंवा फळं वेडीवाकडी निघतात. २५ जानेवारीला लावलं तर २० फेब्रुवारी ते मार्च अखेर सेटिंग, जवळपास सगळी जमते. १ मार्चला लावलं तर फुलं मार्च अखेर ते एप्रिलमध्ये, तोपर्यंत दुपारी ३५ च्या पुढे गेलेलं असतं. झाड डोलतं, फूल गळतं. येवला-कोपरगावकडच्या सभासदांनी ही उन्हाची भिंत निफाडपेक्षा आणखी चार-सहा दिवस आधी धरावी.

टरबुजाला ऊन आवडतं, पण २० फेब्रुवारीनंतर लावलेल्या प्लॉटचं फळ एप्रिल अखेरच्या उन्हात भरतं. पाला कमी असेल तर फळाची वरची बाजू भाजते. पांढरी माशी आणि फुलकिडे तेव्हा जोरात असतात, आणि विहिरीनं तळ गाठलेला असतो तो वेगळाच.

बाकीच्या पिकांचं थोडक्यात. उन्हाळी भुईमूग १५ जानेवारी ते १५ फेब्रुवारी, पण संक्रांतीच्या दिवशीच पेरायचा हट्ट नको, सकाळचा आकडा १८ झाला की पेरा. भेंडी जानेवारी अखेर ते फेब्रुवारी. भेंडीचं बी रात्रभर पाण्यात भिजवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून घरात उबेला ठेवा आणि मोड डोकावला की टोका, गार जमिनीत कुजायचे दिवस वाचतात. काकडी, दोडका, कारलं यांनी टरबुजाच्याच तारखा पाळाव्यात. मिरचीचं रोप गारठ्यात मरत नाही पण महिनाभर हलत नाही, म्हणून तीही फेब्रुवारीत बरी.

*अंदाज कसा वाचायचा*

हवामान खात्याच्या भाषेत सपाट भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त उतरलं की थंडीची लाट. आपलं टरबूज त्याच्या आधीच त्रासात असतं. त्यामुळे "लाट" या शब्दाची वाट पाहू नका. मेघदूत ॲपवर आपल्या जिल्ह्याचा पुढच्या पाच दिवसांचा अंदाज येतो, आणि कृषी सल्ला मंगळवारी व शुक्रवारी येतो. त्यात किमान तापमानाच्या ओळीकडे पाहा. १० च्या खाली उतरतंय असं दिसलं तर त्या आठवड्यात रोप जमिनीत घालू नका. लावल्यानंतरचे पहिले सात-आठ दिवस रोप सगळ्यात नाजूक असतं, मुळी अजून ट्रेच्या गोळ्यातच असते.

लाट येण्याच्या आदल्या दिवशी लावायचं नाही, आणि लाट ओसरल्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. दोन-तीन दिवस जमिनीला तापू द्या.

नर्सरीचं बुकिंगही याच हिशेबानं करा. एकच तारीख ठरवून घेऊ नका, पाच-सहा दिवस इकडे-तिकडे उचल करता येईल असं आधीच बोलून ठेवा. थंडीत टरबुजाचं रोप तयार व्हायला १८-२० दिवस लागतात. दोन खरी पानं, जाड खोड, पांढरी मुळी, असं रोप घ्या. ट्रेमध्ये जास्त दिवस राहून लांबट झालेलं रोप स्वस्तात मिळालं तरी नको. आणि शेडनेटमधून आणलेलं रोप थेट उघड्यावर लावू नका, दोन-तीन दिवस घराजवळ उन्हात ठेवून, पाणी थोडं ताणून कणखर करा.

*लाट आलीच तर*

लावून झालंय आणि अंदाजात ५-६ अंश दिसतायत. मग संध्याकाळी कव्हर सगळ्या कडांनी मातीनं दाबा, एकही फट नको. पहाटे ४ ते ६ च्या दरम्यान विहिरीचं किंवा बोअरचं पाणी ठिबकनं अर्धा-पाऊण तास सोडा. ते पाणी हवेपेक्षा बरंच कोमट असतं. शेततळ्याचं पाणी नको, ते रात्रभर उघड्यावर गार झालेलं असतं. तुमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईट आहे की दिवसाची, हे लागवडीआधीच पाहून ठेवा. ज्यांना दिवसाचीच लाईट आहे त्यांनी आदल्या दिवशी दुपारी पाणी देऊन माती ओली ठेवावी, तेवढी ऊब साठते.

शेकोट्यांबद्दल : द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या करतात. त्यातला उपयोग आगीच्या उष्णतेचा असतो, धुराचा नाही. ओला पाला जाळून नुसता धूर केला तर फार काही होत नाही, उलट सकाळचं ऊन उशिरा पोहोचतं. टरबुजाच्या प्लॉटमध्ये मल्चिंग आणि कव्हर असताना शेकोटीची जोखीम तर घेऊच नका.

गारठा लागून पानं पाण्यात भिजल्यासारखी काळपट झाली तर दुसऱ्याच दिवशी नांगर घालू नका. चार दिवस थांबा आणि शेंडा पाहा. शेंडा हिरवा असेल तर वेल उठतो. तोपर्यंत युरिया नको, टॉनिकचं कॉकटेल नको, फक्त वाफसा. शेंडाच काळा पडला असेल तर वाट पाहण्यात अर्थ नाही, नवीन रोप मागवा.

*मग रमजानसाठी लावायचं की नाही?*

कव्हर आहे, उंचवट्याची जमीन आहे, पहाटेची लाईट किंवा सोलर-बॅटरीची सोय आहे आणि घरची माणसं आहेत, त्यांनी टरबुजाच्या एकूण क्षेत्राच्या निम्म्यापर्यंत २० डिसेंबरच्या आत लावावं. उरलेलं निम्मं २० जानेवारी ते १० फेब्रुवारीत. एका बाजूला दणका बसला तरी दुसरा प्लॉट हातात राहतो.

२० डिसेंबर ते १५ जानेवारी हा काळ मात्र कोणीच धरू नये असं माझं मत आहे. हा माल ईदला पुरा पोहोचत नाही, आणि थंडी मात्र सगळी खातो. दोन्हीकडून तोटा.

ज्यांच्याकडे व्यापाऱ्यानं "फेब्रुवारी अखेर माल द्या, आत्ताच सौदा करतो" असं म्हटलंय, त्यांनी सौद्यात तारीख लिहून देऊ नये, किलोचा भाव आणि प्रत लिहावी. थंडीत आठ-दहा दिवस पुढे जाणं साधी गोष्ट आहे, त्यावरून भांडण नको.

आता काम. १ डिसेंबरपासून रोज सकाळी सात ते आठ दरम्यान जमिनीचा आकडा मोजा आणि ग्रुपवर टाका : गाव, जमीन काळी की मुरमाड, उंच की खोलगट, आणि ५ सेंमीवरचं तापमान. एवढ्या चार गोष्टी एका ओळीत. थर्मामीटर नसेल त्यांनी ऑफिसमधून दोन दिवसांसाठी न्यावा, काही नग आहेत, वहीत नाव लिहून. दर शनिवारी गावनिहाय आकडे एकत्र करून मी पाठवीन, म्हणजे शेजारच्या गावाचा आकडा पाहून तुम्हाला तुमची तारीख पक्की करता येईल.

शंका असेल तर याच मेसेजला रिप्लाय करा, शेताचा फोटो सकाळचा पाठवा, दुपारचा नको.


तुमचा कृषी सल्लागार